कौशिकचं वजन

ओमानमधल्या सीब शहराच्या मागे गॅरेजांची आणि वर्कशॉपांची जी वस्ती आहे, तिला सगळे सनाया म्हणतात. त्या सनायात एकनाथ गोताड नावाचा मेकॅनिक आहे. रेसच्या बाइक लावून देण्यात त्याचा हात धरणारा मस्कतात दुसरा कुणी नाही, असं तिथली पोरं सांगतात, आणि ती पोरं फुकट कुणाचं कौतुक करणारी नव्हेत. पण याच पोरांनी त्याचं नाव आता ‘डॉक्टर’ पाडलं आहे. बाइक घेऊन कुणीही गेलं की एकनाथ आधी त्याला वजनकाट्यावर उभा करतो. आकडा मागच्या खेपेपेक्षा कमी आला की हातातला पाना खाली ठेवतो आणि मोडक्यातोडक्या अरबीत विचारायला लागतो, जेवण जातं का, रात्री घाम येतो का, मान दाखव बघू. मानेला दोन्ही बाजूंनी बोटं लावून चाचपतो. पोरं हसून बेजार होतात. एकनाथ हसत नाही. फरक दोन किलोंच्या वर असला तर रक्ताचा रिपोर्ट आणल्याशिवाय तो बाइकला हात लावत नाही, मग अर्बाब, म्हणजे गॅरेजचा मालक, कितीही ओरडो.

हे खूळ त्याच्या डोक्यात कुठून शिरलं, हे सनायात फार थोड्यांना ठाऊक आहे. ते शिरलं त्याच्या मेव्हण्यामुळे. कौशिक त्याचं नाव. त्याला जाऊन दोन वर्षं झाली. एकतीस वर्षांचा होता.

एकनाथ देवरुखजवळच्या एका वाडीतला. रत्नागिरीला आयटीआय करून पंचविशीच्या आत ओमानला आला. पहिली काही वर्षं बरक्याला शेतांवरचे पंप आणि ट्रॅक्टर दुरुस्त करत होता, मग सीबच्या या गॅरेजात लागला तो लागलाच. माणूस सरळ, पण दोन बाबतींत भारी कटकट्या. एक म्हणजे ‘अंदाजे’ हा शब्द त्याला खपत नाही. दुधाचा हिशोब असो की नटाची पकड, जे असेल ते मोजून सांगा. आणि दुसरं म्हणजे कौतुकाच्या बाबतीत महाकंजूष. लग्नानंतर सुगंधाने पहिल्यांदा तिसऱ्यांचं कालवण केलं, तेव्हा सगळं ताट चाटूनपुसून हा गृहस्थ म्हणाला, “मीठ बरोबर हाय.” एवढंच. सुगंधाने ते आपल्या आईला फोन करून सांगितलं, आणि दोघी मायलेकी पोट धरधरून हसल्या.

सुगंधा अठराची असताना तिचे वडील गेले. कौशिक तेव्हा सहा वर्षांचा. आई भातशेतीत आणि लोकांच्या बागांत राबायची, म्हणून भावाची आंघोळ, जेवण, शाळा, सगळं सुगंधाच्या गळ्यात पडलं. त्याच्यापायी तिने दोन स्थळं परत पाठवली. सत्ताविसाव्या वर्षी एकनाथशी लग्न झालं, तेव्हा निघताना ती आईच्या नाही, भावाच्या गळ्यात पडून रडली. पुढे त्यांना मूल झालं नाही. त्याबद्दल बोलणं दोघांनी बंद करून टाकलं होतं. कौशिक बावीस वर्षांचा झाल्यावर एकनाथने खटपट करून त्याला रुसैलच्या एका गोदामात स्टोअरकीपर म्हणून लावला, आणि कंपनीच्या खोलीत राहायला न पाठवता घरीच आणला. दोन खोल्यांच्या त्या फ्लॅटमध्ये तेव्हापासून तीन ताटं वाढली जायची, आणि सुगंधाच्या चेहऱ्यावर जो तजेला आला तो एकनाथने बघितला होता. बोलला मात्र काही नाही.

बाइकचं वेड कौशिकला गॅरेजात लागलं. शुक्रवारी सुट्टी असली की हा दाजींच्या मागे मागे. मग एक दिवस वाळूत उड्या मारणारी एक जुनी डर्ट बाइक स्वस्तात मिळाली. तिच्या ओमानी मालकाचा हात मोडला होता, आणि त्याच्या आईने ती दारातून हलवायचा हट्ट धरला होता. कौशिक म्हणाला, “दाजी, हिला आपण रोडची करूया. कार्टिंगच्या ट्रॅकवर रेस असतात, त्यात उतरू.”

सुगंधाने आधी नाहीच म्हटलं. दोन दिवस भाऊ जेवला नाही, तेव्हा नमली. पण नमताना तिने नवऱ्याला पुढ्यात बसवलं. “बाइक तुम्ही बघायची. एकेक नट तुमच्या हातचा हवा. त्याला काय झालं तर मी कुणाकडे नाय जानार, तुमच्याकडे येनार.”

“माझ्या हातची बाइक दगा देत नाय,” एकनाथ म्हणाला. आणि ते खरंच होतं. बाइकने कधी दगा दिला नाही.

वाळूतली बाइक रस्त्यावर आणणं म्हणजे चाकं बदलली की झालं, असं लोकांना वाटतं. पण वाळूतली बाइक उंच असते, पुढचं चाक मोठं, नाक वर. तिला रस्त्याची छोटी चाकं लावली की नाक खाली येतं आणि तिची सगळी ठेवणच बिघडते. हँडलचा कोन बदलतो, पुढचं चाक जमिनीला कुठे टेकतं ते बदलतं. चार-पाच मिलिमीटर इकडे झालं तर बाइक वळायलाच मागत नाही, तिकडे झालं तर सरळ रस्त्यावर नाचायला लागते. हे सगळं जुळवत आणायचं, आणि तेही रिकाम्या बाइकवर नाही. वर माणूस बसला की मागची स्प्रिंग दबते, बाइक बसते, आणि ती किती बसते त्यावर पुढचे सगळे कोन ठरतात. “मानूस बसल्याशिवाय बाइकला आकार नाय,” असं एकनाथ म्हणायचा. हे म्हणताना त्याच्या चेहऱ्यावर जरासा अभिमान यायचा, तेवढीच त्याची चैन.

मोजमाप गुरुवारी संध्याकाळी बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये चालायचं, आणि त्याला तीन माणसं लागायची. कौशिक हेल्मेट, जॅकेट, बूट असा सगळा जामानिमा करून बाइकवर बसायचा, दोन्ही पाय वर घेऊन. बाइक पडू नये म्हणून पुढून हँडल धरून उभं राहायचं काम सुगंधाचं. एकनाथ मागे उकिडवा बसून चाकाच्या आसापासून सीटखालच्या खुणेपर्यंत पट्टी लावायचा आणि आकडा मोठ्याने सांगून वहीत लिहायचा. तारीख, वार, आकडा. कौशिकसाठी त्याने ठरवलेला आकडा होता चौऱ्याण्णव. बाइक वर माणसासकट चौऱ्याण्णव मिलिमीटर बसली पाहिजे. कमी बसली तर माणूस हलका, जास्त बसली तर जड. साधारण एक मिलिमीटर म्हणजे एक किलो, हे एकनाथने एकदा सिमेंटची पोती ठेवून पडताळून बघितलं होतं. त्या वेळी सुगंधाने पोत्यांवर हेल्मेटही ठेवलं आणि “हा जास्त शहाना दिसतोय,” म्हणाली. कौशिक महिनाभर तिला त्यावरून छळत होता.

पहिली दोन वर्षं कौशिक सातवा-आठवा यायचा. तिसऱ्या वर्षी, सप्टेंबरात, मोसम सुरू व्हायच्या आधी एकनाथ त्याला म्हणाला, “शहात्तर किलो हायस तू. चारेक किलो उतरव. त्यापेक्षा स्वस्त पार्ट कुठे मिळत नाय.”

“बघतो दाजी,” कौशिक म्हणाला, आणि त्याच रात्री त्याने तिसऱ्यांदा भात घेतला.

ऑक्टोबरच्या पहिल्या गुरुवारी पट्टीवर नव्वद आलं. एकनाथने पुन्हा लावून बघितली. नव्वदच. तो मागून उठला, कौशिकसमोर आला आणि त्याच्या पाठीवर थाप मारली.

“चार किलो! शाब्बास.”

कौशिक क्षणभर गोंधळलाच. दाजींच्या तोंडून हा शब्द त्याने उभ्या आयुष्यात ऐकला नव्हता. मग त्याच्या चेहऱ्यावर जे हसू पसरलं, ते हेल्मेटच्या काचेतूनही सुगंधाला दिसलं. एकनाथने स्प्रिंगवरची रिंग थोडी सैल केली, आकडा पुन्हा चौऱ्याण्णववर आणला, आणि त्या शुक्रवारी कौशिक पाचवा आला.

नोव्हेंबरात पट्टीवर एक्क्याण्णव आलं. म्हणजे आणखी तीन किलो. शाब्बास. रिंग आणखी सैल. डिसेंबरात पुन्हा तीन. पुन्हा शाब्बास. ट्रॅकवरची फेरी एकोणसाठ सेकंदांवरून साडेसत्तावन्नवर आली. हलका माणूस, तीच बाइक, तेच इंजिन. ब्रेक उशिरा मारला तरी चालतो, वळणातून बाहेर पडताना बाइक उसळून पळते. कंजूष एकनाथ गॅरेजात येणाऱ्याजाणाऱ्याला थांबवून मेव्हण्याच्या फेऱ्यांचे सेकंद सांगायला लागला. अर्बाब कपाळाला हात लावून म्हणाला, “तू वेडा, तुझा मेव्हणा वेडा, तुम्ही सगळे हिंदी लोक वेडे. खलास, कामाला लाग.”

एका गुरुवारी हँडल धरून उभ्या असलेल्या सुगंधाने भावाकडे बघून म्हटलं, “अवो, ह्याचे गाल किती बसलेत बघा जरा. दोनदा दोनदा जेवतो, नि अंगाला काय लागत नाय.”

ती त्याच्यापासून हातभर अंतरावर होती. एकनाथ मागे उकिडवा होता, त्याला चेहरा दिसत नव्हता, आकडा दिसत होता. तो हसला. खदखदून हसला, जसा तो वर्षातून एखाद वेळी हसतो. “अगं, रेसर असाच दिसतो. टीव्हीवर बघ, एकतरी ढेरपोट्या दिसतो काय?”

कौशिकही हसला. सुगंधा पुढे काही बोलली नाही. नवऱ्याला या गोष्टींतलं कळतं, आपल्याला कळत नाही, असं तिला वाटलं, आणि बाइकचे नट-बोल्ट बघायला तिनेच तर त्याला सांगितलं होतं.

जानेवारीत रिंग पार शेवटच्या आट्यापर्यंत गेली. रिकामी बाइकच आता गरजेपेक्षा जास्त बसत होती. म्हणजे स्प्रिंग वरच्या माणसाच्या मानाने कडक झाली. यावर उपाय एकनाथला पाठ होता. त्याने दुबईहून नरम स्प्रिंग मागवली. तिच्या खोक्यावर छापलं होतं, साठ ते पासष्ट किलोच्या माणसासाठी. ते वाचून त्याने खोकं कौशिकला दाखवलं आणि म्हणाला, “आता तू ह्या वर्गात आलास.” परीक्षेत वरचा नंबर आल्यासारखं दोघांनी ते खोकं बघितलं.

मग फेब्रुवारीत कौशिकने पहिल्यांदा तक्रार केली. “दाजी, हँडल जड लागतंय. वळणात ढकलावं लागतं. पाचव्या-सहाव्या फेरीनंतर हात भरून येतात.”

नवी स्प्रिंग घातली म्हणजे मागचा भाग जरा बदलला असणार, कोन फिरला असणार, असं एकनाथला वाटलं. वाटायला कारणही होतं, असं होतं कधी कधी. त्याने पुढचं चाक धरणाऱ्या फोर्कचे दोन्ही पाइप पकडीतून पाच मिलिमीटर वर सरकवले. त्याने नाक खाली येतं, हँडल हलकं होतं. पुढच्या शुक्रवारी कौशिक म्हणाला, अजून जडच आहे. एकनाथने आणखी तीन सरकवले. आता बाइक इतकी चपळ झाली की गॅरेजातला दुसरा मेकॅनिक तिच्यावर एक चक्कर मारून आला आणि म्हणाला, ही तर हात लावायच्या आधीच वळते. पण कौशिकला ती जडच लागत होती. एकनाथने दोन रात्री डोकं खाजवलं. बेअरिंग उघडून बघितली, टायरची हवा बघितली, आसाची रेषा दोरी लावून बघितली. बाइकमध्ये जे जे बघण्यासारखं होतं ते सगळं त्याने बघितलं.

जड हँडल नव्हतं. त्या पोराच्या हातांत जोरच उरला नव्हता.

मार्चच्या पहिल्या शुक्रवारी कौशिक तिसरा आला. छोट्याशा पायरीवर उभा राहून त्याने चषक घेतला, आणि एकनाथच्या डोळ्यांत पाणी आलं ते त्याने गॉगलमागे लपवलं. पुढच्या रेसला सुगंधा मुद्दाम आली, भावाला पायरीवर बघायला. सकाळी हेल्मेट घालताना कौशिकला हनुवटीखालचा पट्टा लावता येईना, म्हणून तिने त्याचे हात बाजूला सारले, लहानपणी शर्टाची बटणं लावायची तशी. पट्टा ओढताना तिच्या बोटांना मानेत काहीतरी लागलं. सुपारीएवढं. मग त्याच्या मागे आणखी एक. दुसऱ्या बाजूलाही.

तिने एकनाथला हाक मारली नाही. पट्टा सोडला, हेल्मेट काढलं आणि म्हणाली, “उतर खाली. आज रेस नाय.”

हॉस्पिटलातल्या डॉक्टरीणबाई केरळच्या होत्या. मान, काखा, पोट तपासून त्यांनी विचारलं, “वेट लॉस कब से है?”

कौशिक म्हणाला, “पता नहीं मॅडम, थोडा थोडा.”

सुगंधाने नवऱ्याकडे बघितलं. एकनाथ बाहेर गेला, पिकअपमधून वही घेऊन आला आणि टेबलावर उघडून ठेवली. सहा ऑक्टोबर, चार किलो. तीन नोव्हेंबर, तीन किलो. असं करत मार्चपर्यंत, तारीखवार, एकूण पंधरा. प्रत्येक नोंदीपुढे दुसऱ्या दिवशीच्या फेरीचे सेकंद. बाईंनी पानं उलटली. मग मोबाइल काढून त्यांचे फोटो घेतले.

“इतना अच्छा रेकॉर्ड कोई पेशंट नहीं लाता,” त्या म्हणाल्या. “लेकिन आप लोग ऑक्टोबर में क्यों नहीं आये?”

त्यांनी ते रागाने विचारलं नव्हतं. त्यांना खरोखरच कळलं नव्हतं. एकनाथ उघड्या वहीकडे बघत राहिला. बाइक हलकी व्हावी म्हणून आपण एका माणसाला पंधरा किलो झिजताना मोजत बसलो होतो. आकडा एकही चुकला नव्हता. प्रत्येक वेळी पट्टीने खरं तेच सांगितलं होतं, आणि आपण दर वेळी माणसाकडे न बघता रिंग सैल केली.

कॅन्सर निघाला, मानेतल्या-काखेतल्या लिम्फच्या गाठींचा, फार पुढे गेलेला. कंपनीने रजा दिली, आणि सुगंधा भावाला घेऊन मुंबईला गेली. परळला हॉस्पिटलजवळ एका धर्मशाळेत तिने खोली घेतली, आणि पुन्हा एकदा भावाची आंघोळ, जेवण, औषधं तिच्या हातात आली. एकनाथला जूनमध्ये दहा दिवस मिळाले. तो पोचला तेव्हा कौशिकच्या डोक्यावर केस नव्हते, आणि चादरीखाली माणूस आहे हे चटकन कळत नव्हतं. बघितल्या बघितल्या एकनाथच्या मनात आकडा आलाच. शेहेचाळीस. त्याने स्वतःच्या तोंडात मारून घ्यायचंच बाकी ठेवलं.

एके दुपारी सुगंधा औषधं आणायला खाली गेली होती. कौशिक जागा होता. त्याला त्या दिवशी बरं वाटत होतं. म्हणाला, “दाजी, बाइक झाकून ठेवलीय ना? नाहीतर वाळू जाते.”

“ठेवलीय.”

“एक सांगू? रागवायचं नाही.”

“सांग.”

“मला ऑक्टोबरपासूनच ताप यायचा. रात्री गंजी भिजून जायची. मी ताईला कळू नये म्हणून सकाळी स्वतःच धुवायचो.”  त्याला बोलताना धाप लागत होती. “आधी वाटलं, गोदामातली धूळ. मग वाटलं, दाखवू कुणाला तरी. पण तुम्ही लागोपाठ शाब्बास म्हणायला लागलात. इतक्या वर्षांत कधी म्हणाला नव्हतात तुम्ही. सांगितलं असतं तर रेस बंद केली असती तुम्ही. म्हटलं, मोसम संपू दे.”

 कौशिकने त्याचा हात धरला. आरोप नव्हता त्याच्या बोलण्यात, तो चक्क हसत होता. “मजा आली दाजी,” तो म्हणाला. “तिसरा आलो ना.”

तो जुलैच्या अठरा तारखेला गेला. एकनाथ तेव्हा सीबला होता. त्याला विमान मिळून तो सुगंधाच्या माहेरी पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं.

तेरावं झालं, पाहुणे पांगले. दुसऱ्या दिवशी सकाळी सुगंधाची आई आत पडून होती, आणि हे दोघं पडवीत बसले होते. इतक्या दिवसांत सुगंधा त्याला एका शब्दाने काही बोलली नव्हती. बाइक तुम्ही बघायची, असं जिने बजावलं होतं, तिने एकदाही जाब विचारला नव्हता. उलट हॉस्पिटलात आणि इथे पाहुण्यांच्या गर्दीतही तिने त्याच्या जेवणाखाण्याचं बघितलं होतं. एकनाथला ते सहन होत नव्हतं. तिने ओरडावं, दोन शिव्या द्याव्यात, अशी तो वाट बघत होता.

तिने विचारलं ते वेगळंच. “त्या दिवशी मी औषधं आनायला गेले होते, तेव्हा तुमच्याशी काय तरी बोलत होता तो. मी आले नि गप झाला. काय बोलला?”

दुसरा कुणीही असता तर म्हणाला असता, बाइकचं विचारत होता, नीट ठेवा म्हणाला. तेही खोटं नव्हतंच. पण एकनाथला अर्धा आकडा सांगायची सवय नाही. शिवाय खरं सांगायचं तर, दीड महिना ते ओझं एकट्याने वाहून त्याची छाती फुटायची वेळ आली होती. त्याने सगळं सांगितलं. ऑक्टोबरचा ताप सांगितला, भिजलेली गंजी सांगितली, शाब्बास सांगितलं. कौशिकचे शब्द जसेच्या तसे सांगितले, आणि सांगता सांगता तो लहान पोरासारखा रडला. लग्नाला सोळा वर्षं झाली होती, तो तिच्यासमोर पहिल्यांदाच रडत होता.

सुगंधा शेवटपर्यंत ऐकत राहिली. मग म्हणाली, “मी हँडल धरून उभी होते. माझ्या डोळ्यांसमोर होता तो. मी बोलले, तुम्ही हसलात, नि मी गप बसले. ते माझं मला हायच. त्याच्यावर मी कशीतरी माती टाकत होते. म्हनत होते, त्यालाच कळलं नाय, मग आपल्याला काय कळनार.”

तिने पदराने तोंड पुसलं. “आता तुम्ही सांगता, त्याला कळलं होतं. रोज रात्री एकटा भिजत पडायचा, भिंतीपलीकडे, नि मी झोपलेली. हे तुम्ही मला सांगायला नको होतं.”

“सुगंधा, मी खोटं कसं...”

“तुमचं मन हलकं झालं ना?” ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. “मग आता मी काय करू?”

 ती उठून आत गेली, आईजवळ जाऊन बसली. दहा दिवसांनी त्याची रजा संपली, तेव्हा ती म्हणाली, आईकडे बघायला कुणी नाही, मी थोडे दिवस राहते. थोडे दिवस म्हणजे किती, हे त्याने विचारलं नाही. सगळ्या गोष्टी मोजून घेणाऱ्या माणसाला एवढं एक विचारायचा धीर झाला नाही. ओमानबाहेर सहा महिने राहिलं की व्हिसा आपोआप रद्द होतो. ऑक्टोबरात तिचा तसा झाला.

एकनाथ दर शुक्रवारी दुपारी गावी फोन करतो. फोन सुगंधाच उचलते. जेवलात का, विचारते. तो हो म्हणतो. तब्येत बरी आहे ना, विचारते. तो बरी आहे म्हणतो. मग ती म्हणते, “आईला देते हां.” म्हातारीला आता ऐकू कमी येतं, ती ओरडून बोलते. दर वेळी एकच विचारते, “जावयानू, हिला न्यायला कधी येताय?”

“येतो,” एकनाथ म्हणतो, तोही ओरडून, म्हणजे शेजारी बसलेल्या सुगंधाला ऐकू जाईल. मग सुगंधा ‘या’ म्हणेल म्हणून तो थोडा वेळ फोन कानाला लावून थांबतो.